भट्टीची वीट, फुप्फुसातली धूळ

बेकरीची भट्टी, बॉयलर किंवा धातू वितळवणारी भट्टी यांना आतून फायरब्रिकचे, म्हणजे अग्निरोधक विटांचे अस्तर असते. ॲल्युमिना व सिलिका असलेल्या फायरक्ले मातीची ही वीट हजार अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उष्णता सोसते.

जागेवर असेपर्यंत ती निरुपद्रवी असते. मात्र वीट कापताना किंवा जुने अस्तर फोडताना सिलिकाचे अतिसूक्ष्म कण उडतात. श्वासातून ते फुप्फुसात रुतून बसले की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही आणि क्षयरोगाचा धोकाही वाढवतो.

त्यामुळे वीट पाणी मारूनच कापावी, धूळ कोरडी झाडू नये. तोंडाला बांधलेला रुमाल पुरेसा नाही. नीट बसणारा एन-९५ मास्क हवा. खोकला हटत नसेल, दम लागत असेल, तर डॉक्टरांना आपले काम आवर्जून सांगावे.