वाडवडिलांचे घर विकताना

बोरगावसारख्या गावातील जुने घर विकावयाचे ठरले की घरात पहिली चर्चा होते ती भावाची. भाव म्हणजे दर. खण किती, परडे केवढे, बैलगाडी आत येते की नाही, गिऱ्हाईक इचलकरंजीचे मिळेल की निपाणीचे, अशी बोलणी रात्र रात्र चालतात. ज्या भावांची आणि बहिणींची चर्चा आधी व्हावयास हवी, ती मात्र इसार घेऊन झाल्यावर, आणि पुष्कळदा वकिलाची नोटीस हाती पडल्यावर होते. म्हणून घरविक्री हा केवळ कागदपत्रांचा विषय आहे असे आम्ही मानीत नाही.

आपल्याकडील कुटुंबांची स्थिती साधारण एकसारखी आहे. एक भाऊ गावात राहून शेती पाहतो, दुसरा नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस स्थायिक झालेला, बहिणी कागल, शिरोळ, कोल्हापूरकडे दिलेल्या. उताऱ्यावर नाव असते आजोबांचे, नाहीतर घरपट्टी भरणाऱ्या थोरल्या अण्णांचे. या नावावरून अण्णा एकटेच मालक आहेत अशी घरच्यांची समजूत होते आणि गिऱ्हाइकाचीही. ही समजूत चुकीची आहे. उतारा वा खाते यांवरील नाव हे मुख्यतः कर कोणाकडून वसूल करावयाचा याची नोंद होय. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पुनःपुन्हा सांगितले आहे.

आता बहिणींविषयी. वडिलांनी स्वतः कमावलेले घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता वारले असतील, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, मुलगे आणि मुली यांचा हिस्सा समान असतो. (हा कायदा जैन व लिंगायत कुटुंबांसही लागू आहे, मुसलमान कुटुंबांचा वारसा त्यांच्या स्वतंत्र कायद्याने ठरतो.) तथापि त्याच कायद्यात २३ वे कलम असे होते की, कुटुंब ज्या घरात राहते त्या घराची वाटणी पुरुष वारसांनी मनावर घेतल्यावाचून मुलीला मागता येत नसे. हे कलम ९ सप्टेंबर २००५ रोजी रद्द झाले. त्याच दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला. त्या तारखेस वडील हयात असावयास हवेत काय, हा वाद पुढे पंधरा वर्षे चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तशी आवश्यकता नाही असा निर्णय देऊन तो मिटविला. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणी वा न्यायालयाचा वाटपाचा हुकूम झाला असेल, तर मात्र तो मोडत नाही.

हे सारे ठाऊक असूनही भाऊबिजेच्या ताटाशेजारी कागद ठेवून आक्कांची सही घेण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. साडीचोळीच्या बदल्यात घेतलेली ही सही आम्हांस रुचत नाही. बहिणीला हिस्सा नको असेल तर तो तिचा अधिकार आहे. परंतु काय सोडीत आहोत हे तिला समजले पाहिजे, आणि हक्कसोडपत्र नोंदणीकृत झाले पाहिजे. साध्या कागदावरील वा तोंडी त्यागास कायद्यात किंमत नाही. पुष्कळ घरी बहिणीला पैशापेक्षा विचारले जाण्याचीच अपेक्षा अधिक असते, असे आमचे निरीक्षण आहे. गावातल्या भावाला घर हवे असेल तर त्यानेही हे जाणून ठेवावे की, वारशाने एकत्र आलेल्या मिळकतीतील आपला हिस्सा कोणी विकू लागला, तर तो विकत घेण्याचा पहिला मान इतर वारसांचा असतो.

हिस्से ठरले की कागद काढावयाचे. येथे सीमाभागातील माणसाची अडचण निराळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. त्यामुळे पणजोबांचे खरेदीखत मोडीत, आजोबांचे बाळबोधीत, आणि अलीकडचे उतारे कन्नडात, अशा तीन लिप्यांचे बासन एकाच ट्रंकेत सापडते. सीमेचा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. घराची नोंदणी मात्र त्याच्या निकालासाठी थांबत नाही, ती कर्नाटकाच्याच नियमांनी होते. पुण्याचा भाऊ सात-बारा, फेरफार आणि रेडी रेकनर यांच्या भाषेत बोलू लागला तर त्याला समजावून सांगावे की येथे ई-खाते, ऋणभार प्रमाणपत्र आणि मार्गदर्शक मूल्य विचारले जाते. ई-खात्यावाचून आता नोंदणी होत नाही, आणि मृताच्या नावावरून वारसांची नोंद करून घेण्यास वेळ लागतो. म्हणून गिऱ्हाईक शोधण्यापूर्वीच त्या कामास लागावे. ऋणभार प्रमाणपत्रात केवळ नोंदलेला बोजा दिसतो. सोसायटी वा पतसंस्थेचे जुने कर्ज फिटले असल्यास बेबाकी दाखला वेगळा मागून घ्यावा. घराची जागा सरकारने आश्रय योजनेतून दिली असेल, तर मंजुरीपत्रातील विक्रीबंदीची अट आधी वाचावी.

मोडी कागदाचे लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावे. चतुःसीमेचा वाद निघाला तर तोच कागद उपयोगी पडतो. खरेदीखताचा मसुदा बहुधा कन्नडात होतो. आपणांस कन्नड बोलता येते, पण कायद्याचे कन्नड हे निराळेच प्रकरण आहे! तेव्हा मसुदा दोन दिवस आधी मागून, विश्वासू माणसाकडून मराठीत अर्थ लावून घ्यावा. नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसून तो समजून घेता येत नाही.

साठेखतात मुदत, रक्कम आणि मोडल्यास काय, हे स्पष्ट असावे. ठरलेल्या मुदतीपासून तीन वर्षांपर्यंत करारपूर्तीचा दावा लावता येतो, हे इसार घेऊन स्वस्थ बसणाऱ्याने विसरू नये. २०,००० रुपये वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास १ जून २०१५ पासून बंदी आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. परदेशातील भावाने सहीसाठी मुखत्यारपत्र पाठविणे योग्यच. परंतु गिऱ्हाइकालाच मुखत्यारपत्र देऊन ‘विक्री’ करण्याची जी युक्ती सांगितली जाते, तिने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरविले आहे.

प्राप्तिकराचा हिशेब प्रत्येक हिस्सेदाराने आपापल्या हिश्श्यापुरता करावयाचा असतो. २००१ पूर्वीच्या घरास १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ धरता येते. नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरास, भारतात राहणाऱ्या व्यक्तीला, निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा जुना हिशेबही ताडून पाहता येतो. नफा दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातल्यास, वा तीन वर्षांत घर बांधल्यास सूट मिळते. बारकावे हिशेबनिसास विचारावेत.

एक गोष्ट मात्र लपवू नये. २०१९ वा २०२१ च्या महापुरात घरात पाणी आले असेल तर ते सांगावे. गिऱ्हाइकाला सहज न दिसणारा, पण आपल्याला ठाऊक असलेला दोष सांगणे हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. नव्याने चुना काढलेल्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसत नाही, हे खरे.

याच कायद्यात असेही म्हटले आहे की घराबरोबर कुलुपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या आणि कायम वापरासाठी बसविलेल्या वस्तू खरेदीदाराकडे जातात. तेव्हा माजघरातील झोपाळ्याच्या कड्या, भिंतीत बसविलेले देवघर, शिसवी चौकट, यांपैकी जे न्यावयाचे असेल ते खरेदीखतात लिहून ठेवावे. तांब्याचा बंब कोणी न्यावयाचा, हे मात्र खरेदीखतात येत नाही. ते आक्का आणि वहिनींनी आधीच ठरवावे.