दहा रुपयांत मावलेली संसद

घरातल्या सुट्ट्या पैशांच्या डब्यातली दहाची नाणी एकदा चटईवर ओतून बघा. पिवळं कडं, आत पांढरट चकती. त्यातल्या एखाद्या चकतीवर खांबांच्या रांगेची ठेंगणी इमारत दिसली आणि साल 2012 असलं, तर हातात आलंय ते संसदेच्या साठीचं नाणं.

साठी मोजायची ती 13 मे 1952 पासून. त्या दिवशी लोकसभा आणि राज्यसभा पहिल्यांदा भरल्या. दोनच दिवसांनी दादासाहेब मावळंकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. घराण्याचं मूळ रत्नागिरीकडचं, कर्मभूमी अहमदाबाद. साठ वर्षांनी तीच तारीख रविवारी आली, तरी खासदारांनी सुट्टी घेतली नाही. दोन्ही सभागृहं खास भरली.

पण मला वेड लावलं ते आकारानं. ल्युटेन्स आणि बेकर यांनी उभारलेलं जुनं संसद भवन मुळात गोल. व्यास 560 फूट, म्हणजे सुमारे 170 मीटर. बाहेरून 144 खांबांचा फेर, एकेक खांब 27 फूट उंच. नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर. (हे दोन सत्तावीस निव्वळ योगायोगाचे, पण कागद-पेन्सिल घ्यायला लावणारे.) अख्खं भवन सहा हजार तीनशे पटींनी आकसलं, तर या नाण्यावर काठाला काठ लागून बसेल. मग खांबाची उंची किती उरेल? जेमतेम 1.3 मिलिमीटर. मोहरीचा दाणा!

नाण्यावर मात्र भवन समोरून दाखवलंय, त्यामुळे गोल वास्तू लांबट दिसते. तेच बरं. वरून दाखवलं असतं, तर लोकांना ते गाडीचं चाक वाटलं असतं.

दोन धातूंचं हे लग्न लावतात कसं? डिंक नाही, डाख नाही. कड्यात चकती ठेवायची आणि ठशाचा जबरदस्त दाब द्यायचा. धातू पसरतो, चकती कड्यात घट्ट रुतून बसते, आणि त्याच दाबात चित्रही उमटतं. नाणं ‘पाडतात’ ते असं. ते कुठल्या टांकसाळीत पडलं, हे सालाखाली बघायचं. हिऱ्यासारखी खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, टिंब नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकाता.

2023 मध्ये नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला 75 रुपयांचं नाणं निघालं. 44 मिलिमीटर, 35 ग्रॅम, निम्मी चांदी. त्रिकोणी इमारत गोल नाण्यावर. देखणं आहे, पण ते संग्राहकाच्या डबीतून बाहेर पडत नाही. दहाचं नाणं बाजार हिंडतं, म्हणून मला तेच जवळचं.

हिंडण्याचे हालही असतात. दहाच्या नाण्यांवर चित्रं इतकी वेगवेगळी आली की लोक त्यांना खोटी समजू लागले. शेवटी जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की चौदाच्या चौदा नमुने खरे आहेत.

आमच्या भाजीवाल्या मावशींपर्यंत ते पोचलेलं नसावं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी मी संसद पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. “हे कसलं हो? दुसरं द्या की.”

मी लगेच दुसरं दिलं. वाद कशाला घालू? संसद परत माझ्या खिशात आली होती.