धारूरच्या पाण्याला कोणता फिल्टर?

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरावरच्या धारूरमध्ये एकाच घरात नळाचं, बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं आणि कार्यक्रम असला की जारचं पाणी येतं. या चारही पाण्यांवर फिल्टरवाल्याकडे मात्र एकच औषध असतं: आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार गाळणारं यंत्र.

ते गळी उतरवण्याची एक ठरलेली युक्ती आहे. विक्रेता दोन ग्लास मांडतो, एकात घरचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत सळयांचं छोटं यंत्र बुडवून बटण दाबतो. घरच्या पाण्यावर तपकिरी-हिरवट साका येतो, आरओचं पाणी नितळच राहतं. लेकरांना आपण हे पाजतो, या विचारानं घरातली बाई हादरते. पण तो साका पाण्यात नव्हताच. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते, लोखंडी सळई झिजते आणि तिचाच गंज वर येतो. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी, म्हणून वीज जेमतेम वाहते. त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तसंच गढूळ होईल. भीती घालून यंत्र विकण्याचा हा प्रकार सरळ फसवणुकीचा आहे.

टीडीएस मीटरचंही तसंच. तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचं पाणी शिरलेल्या नळाचा आकडा 300 येऊ शकतो आणि निर्धोक बोअरचा 700. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस 10500:2012) लिटरला 500 मिलिग्रॅम क्षार योग्य मानतं. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत मुभा देतं. 500 च्या आत आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानंही 2019 साली म्हटलं होतं.

बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर धरणारा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियमचा असतो. पाणी जड आहे एवढंच तो सांगतो. मुतखड्याचं खापर या पाण्यावर फोडतात, पण बीडच्या उन्हात दिवसभर राबून पाणी कमी पिणं हे त्याचं जास्त पक्कं कारण आहे.

मग आरओ कधी? नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं तर. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नको. फ्लोराइड 1 पर्यंत बरं, 1.5 ही शेवटची हद्द. शेतातलं खत, उकिरडा, शोषखड्डा यांतून नायट्रेट झिरपत बोअरपर्यंत पोहोचतं. त्याला ना रंग ना वास. ‘उकळलं की झालं’ हा समज इथे घातक ठरतो, कारण उकळून पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं वरचं दूध अशा पाण्यात कालवलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. अशा घरानं आरओ घ्यावाच. मात्र साधा घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना तीनेक लिटर सोडून देतो. ते बादलीत धरून फरशी आणि संडासाला वापरावं.

बाकीच्या घरांचा खरा शत्रू जंतू. त्यासाठी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा फिल्टर पुरतो, पण पाणी नितळ हवं आणि वीज हवी. गढूळ पाणी आधी तुरटीनं निवळावं. तुरटी गाळ बसवते, जंतूंचा बंदोबस्त करत नाही. वीज सारखी जात असेल तर उकळणं, नाहीतर बाटलीवरच्या मापानं मेडिक्लोर या क्लोरीनच्या द्रावणाचे थेंब टाकून अर्धा तास थांबणं. क्लोरीनच्या वासाला नाकं मुरडतात, पण नळाच्या पाण्याला तो किंचित वास असणं चांगलंच. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडल्याची ती खूण आहे. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून ते साठवल्यावर लवकर बिघडतं. थंड पाण्याच्या सुट्या जारवर आयएसआय चिन्ह नसेल, तर त्याची खात्री कोण देणार?

आणि हजारोंचं यंत्र बसवून त्याचं पाणी माठात भरायचं, मग त्यात बोटांसकट पेला बुडवायचा, तर सगळं वाया. माठाला तोटी बसवा, नाहीतर दांड्याचं ओगराळं ठेवा.

यंत्राआधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत सोय असते. क्षारांसाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं विसळून भरावी. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवावा. बोअरचं पाणी मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा एकदा तपासावं, दोन्ही वेळचे आकडे वेगळे येतात.