कासवीची नजर

तिकोणा पेठेतून पहाटे चारला निघालेली गाडी कोळवणला पोहोचेपर्यंत आतली सगळी पोरं पुन्हा झोपली होती. सात जण, सगळेच रविवारी तिकोणा गडावर श्रमदान करणारे. टाक्यातला गाळ उपसायचा, पायऱ्यांच्या सांध्यातली झुडपं उपटायची, पावसाळ्यात घसरलेले दगड जागेवर आणायचे, आणि खाली उतरताना चपेटदान मारुतीला हात जोडायचे. पवनेचं पाणी हाच त्यांचा समुद्र. त्यांच्यातल्या एकानं कोकणातल्या कासवमित्रांबद्दल कुठंतरी वाचलं आणि ‘आपण गड राखतो, ती माणसं कासवं कशी राखतात ते बघून येऊ’ असं ठरलं. मला रविवारच्या पानासाठी मजकूर हवा होता. आठवा मी.

ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला आलो. तिथं गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं. रायगड जिल्हा मागे राहतो, रत्नागिरी सुरू होतो. पुढे खाडीच्या मुखावर बाणकोटचा किल्ला. इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं, हे सांगितल्यावर आमची मंडळी लगेच तटाचे चिरे तपासायला धावली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत आपला तिकोणा होता, हे त्यांनी बाणकोटच्या बुरुजालाही ऐकवलं. तिथून थोड्याच अंतरावर मंडणगड तालुक्यातलं वेळास. नाना फडणवीसांचं मूळ गाव, एवढं शाळेत पाठ केलेलं असतं. नानांच्या भानू घराण्याचं हे गाव आज ओळखलं जातं ते मात्र कासवांमुळे.

गाव छोटं. जांभ्याचे गडगे, आगरात सुपारी आणि नारळ, निम्म्या घरांना कुलपं. ती घरं मुंबईकरांची, गणपती आणि शिमग्याला उघडणारी. गावाबाहेर सुरूचं बन, आणि त्यापलीकडे लांबलचक पुळण.

गोष्ट सुरू झाली ती कासवावरून नव्हे, गरुडावरून. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी शोधत किनारा पालथा घालत होते. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की कासवं येतात, पण अंडी माणसांच्या आणि कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी जातात. २००२ मध्ये त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, पडवीत जेवतात, आणि चार पैसे त्या घरात राहतात. कासवाचं अंडं विकण्यापेक्षा कासवाचं पिल्लू दाखवणं परवडतं, हा व्यवहार गावाला पटला. पुढे वन विभागानं ही जबाबदारी उचलली आणि कोकण किनाऱ्यावर गावोगाव कासवमित्र नेमले गेले.

आम्हाला भेटलेले कासवमित्र पन्नाशी ओलांडलेले. त्यांचं नाव छापू नये अशी त्यांची इच्छा, म्हणून नुसतं काका. ‘लहानपणी आम्हीही अंडी काढलीत की,’ ते लपवाछपवी न करता म्हणाले. ‘माग ओळखायला तेव्हाच शिकलो. आता तीच विद्या उलट्या बाजूनं वापरतो.’

नोव्हेंबर ते मार्च हा काकांचा हंगाम. इथं येतं ते ऑलिव्ह रिडले, चाळीस किलोच्या आसपास वजनाचं. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर सरपटत येते, मागच्या पायांनी दीड फूट खोल, सुरईसारखा खड्डा खणते, शंभर ते दीडशे अंडी घालते, वाळू लोटून अंगानं थोपटते आणि निघून जाते. पहाटे काका तिचा माग काढतात. ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखी नक्षी जिथं गोल वळते, तिथं काठी हळूच टोचायची. वाळू भुसभुशीत लागली की हातानं उकरायचं. अंडी वरची खाली होऊ न देता, त्याच घरट्यातल्या वाळूसकट बादलीत घ्यायची आणि काही तासांच्या आत हॅचरीत तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवायची. हॅचरी म्हणजे जाळीनं बंदिस्त केलेला वाळूचा तुकडा. प्रत्येक खड्ड्यापाशी पाटी: तारीख, क्रमांक, अंड्यांची संख्या. उबवण पंचेचाळीस ते साठ दिवसांची, आणि ते काम सूर्याचं. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात, थंड राहिली तर नर. ‘उन्हाळा वाढत चाललाय. पुढे नवरे मिळतील का या पोरींना?’ काकांनी विचारलं. आमची पोरं हसली. काका हसले नाहीत.

दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात. ती रोज सकाळी आणि संध्याकाळी उचलून बघायची. पहिल्या संध्याकाळी आम्ही दोरीमागे उभे होतो, सोबत शंभर-दीडशे पर्यटक. काकांनी एकेक टोपली उचलली आणि तशीच ठेवली. मागून कुणीतरी कुरकुरलं, ‘एवढ्या लांबून आलो, पैसे वाया.’ काका शांतपणे म्हणाले, ‘अहो, नाटकाचा प्रयोग आहे का, सातला पडदा उघडायला?’ तोवर मोबाइलचे दिवे लागले होतेच. पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात, म्हणून दिवे नकोत, हे रोज सांगावं लागतं. गर्दीनं गावाला पैसा दिला हे खरं. पण गर्दी जाताना पुळणीवर जे टाकून जाते, ते गोळा करायलाही कासवमित्रच उरतो.

रात्री पडवीत सोलकढी-भात झाल्यावर काकांनी विषय काढला. आपल्या संतांनी कासवीचा दृष्टांत किती वेळा दिलाय! कासवीला दूध नाही, ती पिल्लांना नुसत्या नजरेनं वाढवते. पलीकडच्या तीरावरून तिची नजर असते म्हणून ती जगतात. देवाची कृपा तशी. शंकराच्या देवळात नंदीपुढे दगडी कासव असतं, ते आमच्या पोरांनीही शंभरदा ओलांडलेलं. ‘खरी गोष्ट अशी, की आई वळूनसुद्धा बघत नाही,’ काका म्हणाले. ‘बघतो तो आम्ही.’

समुद्रात गेलेल्या कासवावर नजर ठेवण्याचाही प्रयत्न झालाय. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला, तिचं नाव प्रथमा. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. आणि २०२१ मध्ये ओडिशात टॅग केलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं निरनिराळी असा समज होता, त्याला तिनं धक्का दिला.

वेळासला अंडी सांभाळतात. जखमी कासवांचा दवाखाना आहे तो पार उत्तरेला, डहाणूत. पावसाळ्यात लाटांबरोबर किनाऱ्याला लागलेली, जाळ्यात पाय कापला गेलेली कासवं तिथं टाक्यांत ठेवून बरी करतात. काहींना बुडीच मारता येत नाही, ती बुचासारखी तरंगत राहतात. ‘किनाऱ्यावर असं कासव दिसलं तर पुन्हा समुद्रात ढकलू नका,’ काकांनी बजावलं. ‘सावलीत ठेवा, ओलं फडकं टाका, वन विभागाला कळवा.’ संरक्षित जीव सोडवण्यासाठी मच्छीमारानं स्वतःचं जाळं कापलं, तर सरकार २०१८ पासून पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं. कोळ्याच्या जाळ्याची किंमत ठाऊक असलेल्या कुणीतरी ही योजना आखली असणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे गर्दी विरळ होती. तिसरी टोपली उचलली आणि खाली काळसर पिल्लांचा गलका. तळहातापेक्षा लहान, वल्ह्यासारखे पाय हलवणारी. मोजून परडीत घेतली आणि पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडली, कारण हे अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. एक उलटं पडलं. आमच्यातला एक जण नकळत वाकला, काकांनी हातानंच थांबवलं. लाट आली, ते सरळ झालं, गेलं. हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात.

सगळे समुद्राचे फोटो काढत होते. काका मात्र पाठ फिरवून रिकाम्या घरट्यापाशी बसले होते. टरफलं वेगळी, न उबलेली अंडी वेगळी. मग वहीत रकाने भरले: अंडी एकशे अकरा, पिल्लं ब्याण्णव, समुद्रात सोडली ब्याण्णव.

‘काका, त्याच्या पुढचा रकाना?’ तिकोणा पेठेच्या पोरानं विचारलं.

‘पुढचा रकाना नाही रे.’ त्यांनी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, काठी उचलली आणि जाळीपाशी हुंगत आलेल्या कुत्र्यामागे गेले.