मापाचे माप कोणी घ्यावयाचे?

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात ज्या काट्यावर कांदा तोलला जातो, त्याची ठराविक मुदतीने पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसणे कायद्याने बंधनकारक आहे. या परिसरातील द्राक्षबागायतदाराचे हित आता आणखी एका मापावर अवलंबून आहे. ते माप पावसाचे. 2016 पासूनच्या पुनर्रचित हवामानाधारित पीकविमा योजनेत सर्वसाधारणपणे बागेचा पंचनामा निर्णायक नसतो. हवामान केंद्राने अवेळी पाऊस वा तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे नोंदविले, तरच भरपाई मिळते.

उपग्रह असताना जमिनीवरील यंत्राची मातब्बरी ती काय, असे कोणी विचारील. वस्तुतः 2024 साली सोडलेल्या इन्सॅट-3डीएससारखा उपग्रह ढगांच्या माथ्यावरून येणारे अवरक्त प्रारण मोजतो. पावसाचे अनुमान त्यावरून काढावे लागते. ते अनुमान कितपत खरे, याचा निवाडा अखेर जमिनीवरील पर्जन्यमापकाच्या साक्षीनेच होतो. साक्षीदारच सदोष असेल, तर न्याय कसा व्हावा?

स्वयंचलित पर्जन्यमापकात बहुधा दोन कप्प्यांचे झुलते पात्र असते. कप्पा भरला की ते कलते आणि त्या कलण्याची नोंद होते. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला की नोंद चुकते. मुसळधार सरीत पात्र कलत असतानाचे थोडे पाणी हिशेबातून निसटते. म्हणून अंशशोधन, म्हणजे ज्ञात मापाशी यंत्र ताडून पाहणे, आवश्यक ठरते. त्याचे तत्त्व सोपे आहे. 200 चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात 20 मिलिलिटर पाणी सावकाश ओतल्यास 1 मिलिमीटर पावसाची नोंद झाली पाहिजे.

समजा, भरपाईची मर्यादा 10 मिलिमीटर आहे, पाऊस 10.5 मिलिमीटर पडला आणि यंत्र 8 टक्के कमी मोजते. नोंद 9.66 मिलिमीटरची होईल आणि हक्काची भरपाई बुडेल. यंत्राने जास्त मोजले, तर भुर्दंड उलट दिशेने बसेल. विम्याच्या हप्त्यात केंद्र व राज्य सरकारांचाही वाटा असल्याने हा प्रश्न केवळ बागायतदार आणि विमा कंपनी यांच्यापुरता राहत नाही. तो सार्वजनिक पैशाचाही आहे.

त्यादृष्टीने प्रत्येक केंद्राच्या अखेरच्या अंशशोधनाची तारीख आणि त्यात आढळलेली त्रुटी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. ही तपासणी विमा कंपनी आणि शेतकरी या दोन्ही पक्षांहून स्वतंत्र अशा यंत्रणेने करावी. तिचा खर्च, एका चुकीच्या नोंदीने होणाऱ्या नुकसानीच्या मानाने, नगण्यच ठरेल. कांद्याच्या काट्याला जो न्याय, तोच पावसाच्या मापाला का नसावा?