पावसाचा खाडा

इटलीच्या तोस्काना भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हची तोडणी चालते. झाडाखाली जाळी अंथरून दातेरी पंज्याने फांद्या विंचरतात. या कामाला परदेशी तरुण स्वयंसेवकही येतात. मजुरी नाही, राहणे-जेवण घरधन्याकडे.

पाऊस लागला की मात्र खाडा. शिडी निसरडी होते, हे एक. दुसरे, ओली फळे ढिगात तापतात, आंबतात आणि तेलाला कुबट वास लागतो. ओल्या शेंगा पोत्यात भरल्यावर काय होते, हे आपण जाणतोच.

नव्या पोरांना संकोच वाटतो, आपण बसून खातो आहोत! घरधन्यालाही घोर असतोच. वाऱ्याने फळ गळते, घाण्यावरची पाळी हुकते. तरी तो थांबतो. १०० किलो फळांत तेल जेमतेम १२ ते १८ किलो. तेही नासले तर वर्ष वाया. जानेवारी १९८५ च्या कडाक्यात इथली असंख्य झाडे करपली. बुंध्याचे फुटवे राखून लोकांनी ती पुन्हा वाढवली. त्यांना दोन दिवस काय जड!

तोवर जाळी सांधायची, चेस्टनट भाजायचे, भाजल्या पावाला लसूण चोळून वर नवे तेल ओतायचे. उघडीप पडून पाने सुकली, की शिडी पुन्हा झाडाला.