कॅलिफोर्निया कॉलेज कोर

कॅलिफोर्निया कॉलेज कोर (पूर्ण नाव : कॅलिफोर्नियन्स फॉर ऑल कॉलेज कोर) हा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा विद्यार्थी-अधिछात्रवृत्ती कार्यक्रम आहे. यात पदवीचे शिक्षण घेणारे विद्यार्थी एका शैक्षणिक वर्षात ४५० तास स्थानिक पातळीवर लोकोपयोगी काम करतात आणि त्याबद्दल त्यांना १०,००० डॉलरपर्यंत आर्थिक साहाय्य मिळते. हवामान बदलाशी निगडित स्थानिक कामे, शालेय शिक्षण आणि अन्नटंचाईचे निवारण ही कार्यक्रमाची तीन क्षेत्रे आहेत. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांच्या कार्यकाळात जानेवारी २०२२ मध्ये सहभागी शिक्षणसंस्थांची घोषणा झाली आणि त्याच वर्षीच्या शैक्षणिक सत्रात तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पहिली तुकडी रुजू झाली. या विद्यार्थ्यांना ‘फेलो’ म्हटले जाते.

== पार्श्वभूमी ==

तरुणांना मोबदला देऊन त्यांच्याकडून निसर्गसंवर्धनाची कामे करून घेण्याची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. महामंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोर ही योजना सुरू केली. १९४२ पर्यंत चाललेल्या या योजनेत सुमारे ३० लाख तरुणांनी काम केले आणि सुमारे ३०० कोटी झाडे लावली. त्यांना महिन्याला ३० डॉलर मिळत. त्यांपैकी बहुतांश रक्कम थेट कुटुंबाकडे पाठवली जाई. त्याच धर्तीवर कॅलिफोर्नियात गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्निया कॉन्झर्व्हेशन कोर स्थापन केले. १९९३ च्या कायद्याने केंद्रीय पातळीवर अमेरिकोर ही राष्ट्रसेवा योजना आकाराला आली. पुढे २०२० मध्ये राज्याने केवळ हवामानविषयक कामांसाठी कॅलिफोर्निया क्लायमेट ॲक्शन कोर सुरू केले.

या योजनांत प्रामुख्याने पूर्णवेळ काम अपेक्षित असल्याने नियमित शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांत सहभागी होणे अवघड होते. महाविद्यालयांतील विनामोबदला स्वयंसेवेची अडचण वेगळी होती. शिकता शिकता दुकानात किंवा उपाहारगृहात नोकरी करून घरभाडे भरणाऱ्या विद्यार्थ्याला विनामोबदला कामासाठी वेळ काढता येत नाही. त्यामुळे अशा सेवेची संधी आणि तिच्यातून मिळणारा अनुभव व ओळखी मुख्यतः सुस्थितीतील विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतात. कॉलेज कोरची रचना ही अडचण दूर करण्याच्या दृष्टीने केलेली आहे.

== स्वरूप आणि मोबदला ==

कार्यक्रमाचे संचालन कॅलिफोर्निया व्हॉलंटियर्स या राज्य शासनाच्या यंत्रणेने सुरू केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाची संकुले, कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाची संकुले, सामुदायिक महाविद्यालये आणि खासगी विद्यापीठे अशा चारही प्रकारच्या संस्था त्यात सहभागी आहेत. राज्य शासन सहभागी संस्थेला निधी देते, संस्था विद्यार्थ्यांची निवड करते आणि त्यांना परिसरातील शाळा, अन्नपेढ्या, नगरपालिका किंवा पर्यावरणविषयक स्वयंसेवी संस्थांकडे पाठवते. काही ठिकाणी या कामाचे शैक्षणिक श्रेयांकही मिळतात.

एकूण १०,००० डॉलरपैकी ७,००० डॉलर शैक्षणिक वर्षभरात हप्त्यांनी निर्वाहभत्ता म्हणून दिले जातात. उरलेले ३,००० डॉलर शैक्षणिक पारितोषिकाच्या रूपाने ४५० तास पूर्ण केल्यानंतर मिळतात. आठवड्याला सरासरी १५ तास धरल्यास हे काम ३० आठवड्यांत पूर्ण होते. केवळ निर्वाहभत्त्याचा हिशेब केला तर तासाला सुमारे १५.५५ डॉलर पडतात. पहिली तुकडी काम करत असताना, जानेवारी २०२३ पासून, राज्यातील किमान वेतन तासाला १५.५० डॉलर होते. म्हणजेच विद्यार्थ्याला किमान वेतनाच्या अर्धवेळ नोकरीऐवजी हे काम पत्करता येईल, अशा बेताने ही रक्कम होती.

== पात्रता ==

कार्यक्रम पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी असून कमी उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना कमी कर्जात शिक्षण पूर्ण करता यावे, हा त्याच्या घोषित उद्देशांपैकी एक आहे. अधिकृत निवासाची कागदपत्रे नसलेले, परंतु कॅलिफोर्नियातच शालेय शिक्षण झालेले ‘ड्रीमर’ विद्यार्थीही राज्याच्या कायद्यातील अटी पूर्ण करत असल्यास पात्र ठरतात. अमेरिकोरमध्ये केवळ अमेरिकेचे नागरिक, राष्ट्रीयत्वधारक आणि कायदेशीर कायम रहिवासी यांनाच प्रवेश असतो. कॉलेज कोरमध्ये ही मर्यादा टाळण्यात आली.

== हवामानविषयक कामे ==

=== शहरी हरितीकरण ===

डांबर आणि काँक्रीट दिवसा उष्णता शोषतात व रात्री सोडतात. त्यामुळे झाडे कमी असलेल्या वस्त्या लगतच्या भागांपेक्षा अधिक तापतात. १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी ‘धोकादायक’ ठरवण्यात आलेल्या वस्त्या आजही अधिक उष्ण असल्याचे अमेरिकेतील १०८ शहरांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. हा फरक सरासरी सुमारे २.६ अंश सेल्सिअस होता. अशा भागांत झाडे लावणे, त्यांची नोंद ठेवणे आणि ती जगवणे हे फेलोंच्या कामाचे एक अंग आहे. कॅलिफोर्नियाच्या बहुतांश भागात उन्हाळा कोरडा असतो. त्यामुळे रोप लावल्यानंतरची पहिली काही वर्षे त्याला नियमित पाणी देणे हा या कामाचा निर्णायक टप्पा ठरतो.

=== अन्न आणि ओला कचरा ===

कचराभूमीत पुरलेले अन्न हवेशिवाय कुजते आणि त्यातून मिथेन वायू निर्माण होतो. वीस वर्षांच्या कालावधीत मिथेनची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक असते. राज्याच्या २०१६ च्या एका कायद्याने कचराभूमीत जाणारा सेंद्रिय कचरा २०१४ च्या तुलनेत २०२५ पर्यंत ७५ टक्क्यांनी कमी करण्याचे आणि टाकून दिल्या जाणाऱ्या खाण्यायोग्य अन्नापैकी २० टक्के अन्न लोकांपर्यंत पोहोचवण्याचे उद्दिष्ट ठेवले. मोठी किराणा दुकाने व घाऊक वितरक यांच्यावर अन्न वाचवण्याचे बंधन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. मोठी उपाहारगृहे, हॉटेले इत्यादी २०२४ पासून त्याच्या कक्षेत आली. कायदा झाला तरी दुकानातून अन्न उचलणे, त्याची वर्गवारी करणे, ते वेळेत अन्नपेढीपर्यंत नेणे आणि घरोघरी ओल्या कचऱ्याचे वर्गीकरण समजावणे यांसाठी माणसे लागतात. फेलोंच्या मदतीने ही गरज काही अंशी भागते. या कामात कार्यक्रमाची हवामान आणि अन्नटंचाई ही दोन क्षेत्रे एकत्र येतात.

=== वणव्यांपासून संरक्षण ===

नोव्हेंबर २०१८ मधील ‘कॅम्प फायर’ वणव्यात पॅराडाइज हे गाव जवळजवळ संपूर्ण जळाले आणि ८५ जणांचा मृत्यू झाला. २०२० मध्ये राज्यात ४० लाख एकरांहून अधिक क्षेत्र वणव्यांत सापडले. वणव्यात अनेक घरे ज्वालांच्या थेट स्पर्शाने नव्हे, तर वाऱ्याबरोबर दूरवर उडालेल्या ठिणग्यांमुळे पेटतात. छताच्या पन्हळीत साचलेली सुकी पाने किंवा भिंतीलगतची झुडपे अशा ठिणग्यांना पुरेशी ठरतात. म्हणून वणवाप्रवण भागांत घराभोवती १०० फुटांपर्यंतचा (सुमारे ३० मीटर) ज्वालाग्राही पालापाचोळा व झुडपे कमी करण्याचे बंधन राज्याच्या कायद्याने घातले आहे. वृद्ध किंवा एकट्या राहणाऱ्या रहिवाशांना हे काम स्वतः करणे कठीण जाते. त्यामुळे परिसराची सफाई आणि जनजागृती यांना अशा सेवायोजनांमध्ये महत्त्व आले आहे.

== मूल्यमापन आणि मर्यादा ==

अशा कार्यक्रमांचे यश बहुधा लावलेली झाडे, वाचवलेले अन्न आणि कामाचे तास यांच्या आकड्यांत सांगितले जाते. हे आकडे मोजण्यास सोपे असले तरी त्यांवरून परिणामाचा पूर्ण अंदाज येत नाही. लावलेल्या रोपांपैकी किती जगली, हे काही वर्षांनीच कळते आणि फेलोचा कार्यकाल मात्र एका शैक्षणिक वर्षाचा असतो. त्यामुळे काम पुढे चालू राहणे हे यजमान संस्थेच्या स्थैर्यावर आणि पुढील तुकडीच्या उपलब्धतेवर अवलंबून राहते. स्थानिक कामांमुळे होणारी उत्सर्जनातील घट राज्याच्या एकूण उत्सर्जनाच्या तुलनेत अल्प असते. सावली, अन्न आणि आगीपासूनची सुरक्षितता हे त्यांचे लाभ मात्र त्याच वस्तीतील लोकांना मिळतात.

मोबदल्याची रक्कम ठरावीक असणे ही दुसरी मर्यादा आहे. कॅलिफोर्नियातील किमान वेतन जानेवारी २०२५ मध्ये तासाला १६.५० डॉलर झाले. निर्वाहभत्ता त्या प्रमाणात न वाढल्यास गरजू विद्यार्थ्यासाठी नोकरी आणि सेवा यांतील तफावत पुन्हा वाढते. शिवाय ३,००० डॉलर तास पूर्ण झाल्यावरच मिळत असल्यामुळे आजारपण किंवा घरगुती अडचणीमुळे मध्येच काम सोडावे लागलेल्या विद्यार्थ्याचे अधिक नुकसान होते.

== केंद्रीय योजनांशी संबंध ==

सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी अमेरिकन क्लायमेट कोर या योजनेची घोषणा केली. जानेवारी २०२५ मध्ये ती संपुष्टात आली. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र शासनाने अमेरिकोरची अनुदाने मोठ्या प्रमाणावर रद्द केली आणि कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. या घडामोडींमुळे राज्याच्या स्वतःच्या निधीवर चालणाऱ्या कॉलेज कोरसारख्या कार्यक्रमांचे वेगळेपण ठळक झाले. अर्थात, असे कार्यक्रमही राज्याच्या अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून असतात.